न मारलेली हाक

ग्राबोवित्सा, ३ मार्च

प्रिय कूम स्रेतेन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत घातलं नसशील, एवढ्या आशेवर लिहितोय. वहिनींच्या हाती आधी पडलं असेल, तर दोब्रिला वहिनी, हात जोडतो, त्याला वाचू द्या. फोन करत नाही. आपली टक्कर झाल्यापासून फोनचा आवाज तुझ्या डोक्यात घणासारखा बसतो, हे ठाऊक आहे मला.

आधी शिव्या खाऊन घेतो. पाच वर्षं झाली, तुझ्या घरच्या संताच्या दिवसाला मी आलो नाही. त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याचं नातं आहे तो आपणहून येतो. आणि लग्न-बाप्तिस्म्याने जोडलेला कूमच आला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. पहिल्या वर्षी सामना होता. दुसऱ्या वर्षी मनगट दुखत होतं. पुढच्या तीन वर्षांची कारणं मी त्या त्या वेळी काढली होती, आता आठवत नाहीत. गेल्या ऑक्टोबरात तू बसच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडलास, "रादिशाला म्हणावं, त्याची खुर्ची मी आता पाहुण्यांना देतो." पोचला निरोप. बिल्यानाने ऐकला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको माझी, पण बाजू तुझी घेते. तिचंही बरोबर आहे, आमच्या लग्नात मेणबत्ती धरून माझ्या पाठीशी तूच उभा होतास.

लिहायला कारण रेल्याचं. जानेवारीत तो आमच्या फुटबॉल क्लबात आला, हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं असं नाही, बाप आहेस त्याचा. पण बघून मी हादरलोच रे. एकवीस वर्षांचा, माझ्याहून चार बोटं उंच, ड्रेसिंग रूमच्या दारातून वाकून आत येतो. त्याचा बाप्तिस्मा मीच केला ना? सहा वर्षांचं होतं तेव्हा पोरटं. थंड पाणी डोक्यावर पडल्यावर अशी बोंब ठोकली होती, की पाद्रीबाबा मंत्र विसरले. आता तो माझ्या पुढ्यात उभा राहतो, मधल्या बचावपटूच्या जागेवर. म्हणजे तुझ्या जागेवर. चार नंबर मागून घेतलाय त्याने.

एक छोटंसं काम आहे. त्याला जरा सांगशील का, की गोलकीपरच्या, म्हणजे माझ्या, हाकेची इतकी वाट बघत जाऊ नकोस? चेंडू वरून आला की सरळ डोक्याने बाहेर फेकायचा, मागे कोण आहे ते बघायचंच नाही. हल्ली सगळे असंच खेळतात. मी सांगितलं तर हसतो आणि म्हणतो, बाबांनी वेगळं शिकवलंय. तुझं ऐकेल.

बाकी सगळं ठीक. झोप लागत नाही, पण पस्तिशीनंतर कुणाला लागते?

तुझा कूम,
रादिशा


ग्राबोवित्सा, २१ मार्च

कूम स्रेतेन,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहितोच.

तुला आठवतोय का काळा मिलुतिन? तू गेल्यावर सहा वर्षं त्यानेच मधली जागा धरली होती. फेब्रुवारीत त्याचा गुडघा गेला, म्हणून तर रेल्याला लगेच संघात घ्यावं लागलं. मिलुतिन माणूस मुका, पण त्याने मला सांभाळून घेतलं. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही. हवेतला प्रत्येक चेंडू त्याने घ्यायचा, जमिनीवरचा मी. मी गोलरेषा सोडायची नाही आणि त्याने विचारायचं नाही. रेषेवर मी अजून चांगला आहे, कूमा. जवळून मारलेला चेंडू मी असा अडवतो की पेपरवाले मला 'रेषेवरचा वाघ' म्हणतात. उत्तरेकडच्या पायऱ्यांवरची पाठीराख्यांची टोळी वेगळं म्हणते. "ए डिंक्या! सुटलास का रे खांबापासून?" मी त्यांना हात हलवतो. त्यांना वाटतं मला गंमत वाटते.

आता कोचही नवे आलेत, च्वेतकोविच म्हणून. आमची घसरण चालू आहे, खालच्या विभागात जायची वेळ आलीय, म्हणून आणलेत. पहिल्याच दिवशी मला गोलसमोरच्या छोट्या चौकटीत उभं केलं आणि म्हणाले, "हे घर कुणाचं?"

म्हटलं, "माझं."

"मग घरात चोर शिरल्यावर तू खिडकीला नाक लावून का बघत बसतोस? बाहेर ये! हाक मार, वर उड, चेंडू घे. मला शेजारच्या गावात ऐकू यायला हवी तुझी हाक."

सरावात मी मारतो हाक. सरावात काही होत नाही. पण सामन्यात चेंडू कोपऱ्यातून वर चढतो ना, वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, तेव्हा माझा गळा आवळून जातो. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी असेल, वसंतात पराग उडतात. मीही तेच धरून चाललोय. गॅरेजचं शटर लावून घेऊन गाडीत बसून ओरडायचा सराव करतो. "माझा! माझा!" परवा शेजारच्या स्तोयांका आजींनी काठीने शटर बडवलं. "अरे मेल्या, तुझं तर तुझं, सगळं घेऊन टाक! पण त्या पोरीला मारू नकोस!" बिल्याना घरात नव्हतीच. तिला सांगितलं तेव्हा हसली, आणि मग हसायची थांबली. म्हणाली, "ॲलर्जीला कुणी असं ओरडतं का रे?"

रविवारी रेल्याला जेवायला बोलावलं होतं. तीन ताटल्या भरून कोबीचे रोल खाल्ले त्याने. खाता खाता सांगत होता, तू त्याला कसं शिकवलंस ते. परसात डोळ्यांवर फडकं बांधून उभा करायचास म्हणे. तू मागून "माझा!" ओरडलास की त्याने जागच्या जागी अंग आखडून खाली बसायचं. "उडी मारली असली ना कूमा, तरी मी हवेतच गोळा होतो," म्हणाला. "आणि हाक आली नाही, तर डोळे मिटून झेपावायचं. कारण मग मागे कुणी नसतंच. बाबा म्हणतात, गोलकीपर कधी मुक्याने बाहेर येत नाही."

मग पाव मोडत, सहज सांगावं तसं म्हणाला, "दर रविवारी बाबा एकदा तरी सांगतात. हाक आली होती, मी ऐकली नाही, म्हणून डोकं फुटलं. रादिशाचा दोष नाही."

बिल्याना पाव आणायला उठून आत गेली. पाव टेबलावरच होता.

स्रेतेन, तू त्याला लिही. एका ओळीचं लिही. वाट बघू नकोस म्हणावं, एवढंच. मी हात जोडून सांगतोय.

रादिशा


ग्राबोवित्सा, ७ एप्रिल

कूम,

कुणीतरी तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच कळवतो. आज घरच्या मैदानावर सामना होता. उत्तरार्धात एका कॉर्नरला रेल्याला थोडं लागलं. भुवईवर सहा टाके. शुद्धीवर आहे, चालतोय, डॉक्टरांशी थट्टा करतोय. काळजी करू नका. गर्दीचा आवाज खूप होता. मी हाक मारली होती, पण त्या गोंगाटात त्याला ऐकू गेली नाही. अशा गोष्टी होतात. वहिनींना सांग, डोळा शाबूत आहे.

पत्र आत्ताच पेटीत टाकतो.

रादिशा


ग्राबोवित्सा, ८ एप्रिल

स्रेतेन,

कालचं पत्र फाडून टाक. नाही, फाडू नकोस, जपून ठेव, म्हणजे मी कसा आहे त्याचा पुरावा तुझ्याजवळ राहील.

मी हाक मारली नव्हती.

काल कोचसाहेब रेषेबाहेर उभे राहून सारखे ओरडत होते, "बाहेर ये, बाहेर ये!" वरून ती टोळी, "डिंक्या, डिंक्या!" कॉर्नर आला. मी ठरवलं की आज जायचंच. पाय गेले. तोंड उघडलं. आणि आवाज आलाच नाही. हवासुद्धा बाहेर पडली नाही. पुढे रेल्याची पाठ, तुझा चार नंबर, आणि तो उडी मारून वर चाललेला. हाक नाही म्हणजे मागे कुणी नाही, असं धरून. डोळे मिटून. मी शेवटच्या क्षणी गुडघा ओढून घेतला म्हणून नुसती मूठ लागली. गुडघा बसला असता तर मी तुला आज काय लिहिलं असतं, मला माहीत नाही.

पण मी लिहितोय ते याच्यासाठीही नाही. टाके घालून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. डोक्याला पट्टी, तोंडावर सगळं वाळलेलं रक्त. म्हणाला, "माफ कर, कूमा. मला ऐकू आलं नाही."

तोच पुढे म्हणाला,

"बाबांसारखंच असणार. घराण्यातच कान खराब असतील आमचे. मी तपासून घेतो. खराब निघाले तर खेळणं सोडीन. बाबांनी तुला जसं अडचणीत आणलं, तसं मी आणणार नाही."

आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, स्रेतेन. मोठ्या मनाने माफ करणाऱ्यासारखा.

अगदी हेच मी सहा वर्षांपूर्वी केलं होतं. माफी मागणाऱ्याचे शब्दही तेच होते.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही.

तो सप्टेंबर होता. गावभर मिरच्या भाजायचा धूर पसरला होता, मैदानावरही येत होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मी बाजूने उंच आलेल्या एका क्रॉसला बाहेर आलो होतो, हाक मारली होती, तू बाजूला झालास, आणि चेंडू माझ्या हातातून निसटला. गोल झाला, सामना गेला. ड्रेसिंग रूममध्ये तू सगळ्यांसमोर म्हणालास, "रादे, हाक मारलीस तर घेच. घ्यायचा नसेल तर तोंड उघडू नकोस." बरोबर बोललास तू, कप्तान होतास. मी तुझ्यावर ढकलत नाहीये. ढकलतोय का? सहा वर्षं मनातल्या मनात ढकललंय, हे मात्र खरं.

पुढच्या सामन्यात तो चेंडू आला. मी धावलो. तोंडात शब्द आला आणि वाटलं, आत्ता ओरडलो आणि सुटला तर? ओरडलोच नाही तर निदान कुणी म्हणणार नाही. एवढाच विचार, डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. आपल्या जुन्या कोचनी, लाझार काकांनी, आम्हा सगळ्या गोलकीपरांना पहिल्यापासून शिकवलेलं, वर उडालास की एक गुडघा पुढे ठेव, कुणी अंगावर येत नाही. तो गुडघा तुझ्या डाव्या कानामागे बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. कुठेही येतो. दुकानात कुणी कलिंगड ठोकून बघितलं तरी मी बाहेर निघून जातो.

तू खाली पडलास आणि उठला नाहीस. पंच धावत आले. मिलुतिनने मला हलवून विचारलं, "हाक मारलीस का? रादे, हाक मारली होतीस का?" आणि मी म्हणालो, "मारली."

त्या दिवसातला माझा तो पहिला आवाज.

नंतर क्लबात चौकशी झाली तेव्हाही मी तेच सांगितलं. शपथ घ्यायला लावली असती तर घेतली असती. मिलुतिन माझ्या बाजूलाच बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं त्या दिवसापासूनच त्याने हवेतले सगळे चेंडू स्वतःकडे घेतले.

अकराव्या दिवशी तू शुद्धीवर आलास. तुला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. मी आलो होतो इस्पितळात, केळी घेऊन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा कान गेलाय, आणि कदाचित आधीपासूनच कमजोर असेल. ते 'कदाचित' तू घट्ट धरून ठेवलंस. माझा हात हातात घेतलास आणि म्हणालास, "माफ कर, कूमा. मी ऐकलं नाही. कानाचं मला आधीच कळायला हवं होतं. तुझ्या हातून माणूस मेला असता."

आणि मी म्हणालो, "जाऊ दे, कूमा. होतं असं."

मी केळं सोलून तुला दिलं आणि घरी आलो.

मी स्वतःची समजूत घालत आलो. तू सदतीस वर्षांचा होतास. एखादाच हंगाम राहिला होता. तसंही संपलंच होतं सगळं. बघ, हेसुद्धा लिहून टाकलं. तुझ्या घरी आलो असतो तर तू भरल्या टेबलासमोर पुन्हा माफी मागितली असतीस, आणि मला पेला उचलावा लागला असता. म्हणून आलो नाही. सामना नव्हता आणि मनगटही दुखत नव्हतं.

आता माझी भीती ऐक. आधी मी घाबरायचो की हे उघडं पडेल. हातातलं काम जाईल, लोक थुंकतील. ती भीती आहेच अजून. पण तिच्या वर दुसरी येऊन बसलीय. तू माझं खोटं खरं मानलंस, आणि त्यावरून पोराला खेळ शिकवलास. गोलकीपर कधी मुक्याने बाहेर येत नाही म्हणून. आणि त्याच्या मागे मी उभा आहे.

उत्तर दे. शिव्या दे. काहीही दे.

रादिशा


ग्राबोवित्सा, १९ एप्रिल

स्रेतेन,

तुझं पाकीट आलं. माझंच आठ तारखेचं पत्र परत, आणि त्याच्या मागे तुझ्या अक्षरात दोन ओळी. "मी तुझी माफी तोंडाने मागितली होती. तूही ये आणि तोंडाने बोल." खाली सही नाही. बिल्यानाला दाखवलं. तिने माझं पत्र वाचलं, सगळं, उभ्या उभ्या. मग म्हणाली, "मला वाटायचं तुझं बाहेर कुणाशी काही आहे. तसं असतं तर बरं झालं असतं." आणि मुलीला शाळेतून आणायला गेली.

मी येणार आहे. पण आधी रेल्याचं सांगतो, कारण तुझ्याकडे येईपर्यंत त्याला अंधारात ठेवणं शक्य नव्हतं.

सोमवारी तो कान तपासायला गेला. मीच गाडीने नेलं. यंत्र लावून पाऊण तास तपासलं आणि डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुमचे कान मांजराचे आहेत. भिंतीपलीकडलं ऐकू येईल." मला वाटलं पोरगं नाचेल. तो गाडीत येऊन बसला. मग म्हणाला, "म्हणजे कान चांगले आहेत. मग मी भित्रा आहे, कूमा. ऐकू येऊनही ऐकलं नाही म्हणजे घाबरूनच गेलो असणार. असल्या माणसाने मधे उभं राहू नये. मी आज कोचना सांगतो, मला शनिवारी बाकावर बसवा. पुढच्या वर्षी बघू काही दुसरं काम."

तोवर मी ठरवलं होतं की तुझ्याशी बोलल्यावरच त्याला सांगायचं. खोटं कशाला बोलू, शक्यतो सांगायचंच नाही असंही ठरवलं होतं. पण तो तिथे बसला होता, भुवईवर माझ्या मुठीची खूण घेऊन, आणि स्वतःला भित्रा म्हणत होता. मला. मला सांगत होता हे.

गाडी इस्पितळाच्या आवारातच उभी होती. किल्ली फिरवली नाही. म्हटलं, "रेल्या, भित्रा तू नाहीस. हाक आलीच नव्हती."

"कधी?"

"परवाच्या सामन्यातही नाही. आणि सहा वर्षांपूर्वीही नाही."

त्याला समजायला वेळ लागला. मी समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. गुडघा, मिलुतिन, चौकशी, इस्पितळ. शेवटी तो म्हणाला,

"बाबांनी तुझी माफी मागितली होती?"

"हो."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, जाऊ दे, कूमा. होतं असं."

त्याने दार उघडलं. आवारात तो गाड्यांच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. एका बाईने त्याला विचारलंही, कुणी वारलं का म्हणून. मग मागचं दार उघडून त्याने आपली पिशवी घेतली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "दर रविवारी, रादिशा. सहा वर्षं दर रविवारी आमच्या घरात हे जेवणाच्या ताटावर असायचं." आणि बसने गेला.

कूमा म्हणाला नाही. नावाने बोलला.

मी तिथून सरळ क्लबात गेलो. कोचसाहेब खुर्ची टाकून उन्हात बसले होते. त्यांना सांगितलं, आणि सांगितलं की शनिवारी मला खेळवू नका, माझ्यापुढे जो उभा राहील त्याचं डोकं जाईल. "सहा वर्षं?" म्हणाले. "आणि मी समजत होतो आळशी आहे." मग विचारलं, "दुसऱ्या क्लबात गेलास तर तिथे सांगणार आहेस का हे?" म्हटलं, "दुसरा क्लब आता कुठला?" त्यांनी मान हलवली. सोळा वर्षं या मैदानावर काढली, आणि कपाट रिकामं करायला वीस मिनिटं लागली.

रादिशा


तुझ्या गावात, २१ एप्रिल, दुपार

स्रेतेन,

हे पोस्टात पडणार नाही. संघाच्या यादीचा जुना कागद खिशात होता, त्याच्या पाठीवर पेन्सिलने लिहितोय, गाडीत बसून, तुझ्या फाटकासमोर. साडेदहाला आलो. आता सव्वाबारा झालेत. लिहितोय याचा अर्थ अजून आत आलेलो नाही.

काल रेल्या खेळला. मी पायऱ्यांवर एका कोपऱ्यात बसलो होतो, टोपी ओढून. तरी टोळीने ओळखलंच. "डिंक्या, आता बाकाला चिकटलास का रे?" आमचा दुसरा गोलकीपर पोरगेला आहे, तेवीस वर्षांचा, चेंडू त्याच्याकडून दोनदा सुटला, पण हाक अशी मारतो की पायऱ्यांवरची पाखरं उडतात. एका कॉर्नरला तो ओरडला आणि रेल्या उडी मारलेला होता तो हवेतच गोळा झाला. तू शिकवलंस तसा. चेंडू गोलकीपरने घेतला आणि जाता जाता त्याच्या डोक्यावर टपली मारली. एक-एक झाला सामना, घसरणीतून बहुतेक वाचलो. माझ्या मांड्या इतक्या दुखत होत्या, जसा मीच नव्वद मिनिटं धावलो होतो. शिट्टी झाल्यावर रेल्याने वर पायऱ्यांकडे पाहिलं. मी हात वर केला. त्याने नाही केला. त्याचं डोकं शाबूत आहे, एवढं मला पुरे आहे.

तो तुला काही बोललाय की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

वहिनींनी मघाशी पडदा बाजूला करून पाहिलं आणि परत ओढला. म्हणजे गाडी ओळखली. तू परसात आहेस, वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावतोयस, पाठ माझ्याकडे आहे. केस सगळे पांढरे झालेत रे तुझे. वाकून उठताना खांबाला धरतोस. मला कुणी सांगितलं नव्हतं की तुला उठायला खांब धरावा लागतो.

फाटकाला कडी नाही, ढकललं की उघडेल. पण तसं कुणी करत नाही तुमच्याकडे, मला ठाऊक आहे. तुझ्या घरी पहिल्यांदा आलो होतो तेव्हा सरळ आत घुसलो आणि तुझे वडील खेकसले होते, "कोल्हा आहेस का माणूस? माणूस असशील तर फाटकाशी उभा राहून हाक मार!" घरधन्याला हाक मारायची, तो बाहेर येऊन ये म्हणतो, मगच पाऊल आत. तुमचा कुत्राही तेच मानतो. माझ्याकडे बघत बसलाय मघापासून, भुंकत नाही, वाट बघतोय.

दोनदा उतरलो. दोनदा फाटकाच्या लाकडावर हात ठेवला, तोंड उघडलं आणि परत गाडीत येऊन बसलो. आवाज येत नाही, आणि समोर चेंडू नाही, गर्दी नाही, एक म्हातारा होत चाललेला माणूस वाटाण्यात उभा आहे. आयुष्यात मला इतकी भीती वाटली नव्हती. तू हाकलशील याची नाही. तू पुन्हा माझा हात हातात घेशील आणि म्हणशील, जाऊ दे, याची वाटते. म्हणू नकोस, स्रेतेन. आधी मला सगळं बोलू दे.

कागद संपत आला. हा सीटवर ठेवतो आणि उतरतो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, तर फाटक धरून तिथेच उभा राहीन आणि परत तोंड उघडीन. गाडीत परत येणार नाही. तू मागे वळून बघेपर्यंत हाक मारत राहीन.